उन्हाळ्याची सुट्टी आणि विसरलेले बडोदे

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा आटोपल्या की मराठी मुलखातल्या वाचनालयांच्या दारांवर फलक झळकू लागतात: बालवाचकांना सवलतीचे सभासदत्व, कथाकथन, सुलेखन, ओरिगामी, आठ दिवसांचे छंदवर्ग, आणि जेथे जुनी कार्यकर्ती मंडळी अजून हिंडती-फिरती आहेत तेथे संध्याकाळची व्याख्यानमाला. या साऱ्याकडे आपण सुट्टीतला निरुपद्रवी विरंगुळा म्हणून पाहतो, वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी येते, आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर तो विषय संपतो. वस्तुतः या फलकांच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. ज्याला फुरसत आहे त्याच्या सोयीने विद्येचे दार उघडायचे, की ज्याला ते दार कधी सापडलेच नाही त्याची फुरसत शोधून तेथवर जायचे? प्रत्येक पिढीने हा प्रश्न हाती घेतला, आणि एका अपवादाखेरीज प्रत्येकीने तो अर्ध्यावर सोडला.

ज्ञानाला हंगाम असतो ही समजूत ग्रंथालयांहून फार जुनी आहे. पेरण्या उरकल्या, पावसाने वाटा बंद झाल्या की देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. एक जण वाची, अनेक जण ऐकत, आणि हरिविजय किंवा पांडवप्रताप ऐकून चातुर्मास सरे. तेथे अक्षरओळखीची अट नव्हती, जरी सभामंडपात कोणी बसायचे आणि पायरीखाली कोणी उभे राहायचे हे जातीने ठरवून ठेवले होते. इंग्रजी अमलाने हे वेळापत्रक मुळापासून बदलले. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाऊ लागले, न्यायालये बंद राहू लागली, पाठोपाठ शाळा-महाविद्यालये. आणि शेतकऱ्याच्या पंचांगातली पावसाळ्याची सवड मागे पडून कचेरीच्या पंचांगातली मे महिन्याची सुट्टी हा सुशिक्षितांचा नवा चातुर्मास झाला. हा बदल केवळ ऋतूचा नव्हता. विद्येचा श्रोता कोण, हेही त्या बदलाबरोबर ठरले, आणि पुढच्या सगळ्या सार्वजनिक उपक्रमांवर त्याची छाप पडली.

ग्रंथालयांची सुरुवात याच नव्या वर्गातून झाली. 1828 साली रत्नागिरीत, 1840 मध्ये नाशिकला, 1848 मध्ये पुण्यात आणि 1850 मध्ये कोल्हापुरात वाचनालये स्थापन झाली. ज्या काळात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे दार 1840 पर्यंत एकाही हिंदी माणसाला उघडले नव्हते, त्या काळात ही नेटिव्ह वाचनालये म्हणजे मोठीच झेप होती. गोपाळराव हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांच्यासारखा पंचविशीतला तरुण पुण्याच्या वाचनालयासाठी झटतो आणि त्याच वर्षी प्रभाकर पत्रातून शतपत्रे लिहू लागतो, यातला आवेश आजही अंगावर येतो. पण 1848 हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवले पाहिजे. त्याच साली, त्याच पुण्यात, वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. एकीकडे ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी पुस्तके जमवली जात होती, आणि दुसरीकडे ज्यांना वाचू दिले जात नव्हते त्यांना अक्षरे शिकवली जात होती. ही दोन कामे एका छपराखाली आली असती तर महाराष्ट्राच्या ग्रंथालयांचा इतिहास निराळा झाला असता. ती आली नाहीत.

सुट्टीचा सार्वजनिक उपयोग करावा हे ज्याला सर्वांत आधी उमगले तो माणूस न्यायखात्यातलाच होता, हा योगायोग नव्हे. 1875 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. न्यायालये बंद, महाविद्यालये बंद, गावोगावची शिकलेली मंडळी घरी परतलेली. अशा वेळी संध्याकाळी एकत्र जमावे, अर्थशास्त्र, इतिहास, समाजसुधारणा यांवर मराठीत बोलावे आणि बोलण्याची सवय नसलेल्या समाजाला जाहीर मतभेदाची सवय लावावी, हा त्यामागचा हेतू. तीनच वर्षांनी, 11 मे 1878 रोजी, रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने हिराबागेत मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याचा उगमही असा मे महिन्याच्या सुट्टीतलाच आहे. पुण्याची व्याख्यानमाला आजतागायत दर उन्हाळ्यात भरते, नाशिकला गोदाघाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणात मे महिनाभर व्याख्याने होतात, आणि त्यांच्या अनुकरणाने लहानमोठ्या गावांतल्या वाचनालयांनी आपापल्या माला गुंफल्या. उन्हाळा हा विचारांचाही ऋतू आहे, हे रानड्यांनी या समाजाच्या अंगवळणी पाडले. ते ऋण लहान नाही.

तरीही 1885 च्या मे महिन्यात पुण्यात दुसरे ग्रंथकार संमेलन भरले तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यात सामील होण्यास नकार दिला, आणि त्यांचे ते पत्र ज्ञानोदयात छापून आले. जे सर्व माणसांना माणुसकीचे हक्क राजीखुशीने देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. साहित्याच्या इतिहासात हे पत्र बंडखोरीचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते. ग्रंथालयाच्या इतिहासातही त्याला जागा मिळायला हवी होती. कारण त्यात विचारलेला प्रश्न संमेलनापुरता नव्हता. सुट्टी ज्याला मिळते त्याने, सुट्टी ज्याला मिळते त्याच्यासाठी भरवलेली सभा सार्वजनिक म्हणायची का, हा तो प्रश्न होता. त्याला सभेने उत्तर दिले नाही. पुढे 1893 मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्याला आणि 1898 मध्ये मुंबईला मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. मराठीतले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जपले जावे या त्यांच्या ध्यासामुळे आज आपल्यापाशी आपले वाङ्मय आहे. पण जपणे हे एक काम आणि पोहोचवणे हे दुसरे, आणि दुसऱ्या कामाला वाली मिळाला तो मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे.

ज्या वर्षी पुण्यात व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षी, 27 मे 1875 रोजी, मालेगावजवळच्या कौळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा, जेमतेम अक्षरओळख असलेला मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. या मुलाने, म्हणजे महाराज सयाजीरावांनी, पुढे काय केले याची आठवण आपण आदराने पण ढोबळपणे ठेवतो. त्यातला क्रम मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. आधी शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले: 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून, 1906 मध्ये साऱ्या संस्थानात. त्यानंतर महाराजांच्या ध्यानात आले की शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर चार वर्षांत अक्षरे पुसली जातात, म्हणजे ग्रंथालयावाचून शाळेवरचा सगळा खर्च वाया जातो. ही जाणीव शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे, आणि आजच्या शिक्षणखात्याच्या कागदपत्रांत ती इतक्या स्पष्टपणे मांडलेली मला आढळलेली नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. मुलांसाठी वेगळी दालने काढून सुट्टीतही त्यांना पुस्तकांशी बांधून ठेवण्याचे प्रयोग त्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झाले होते. कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना सयाजीरावांनी 1910 मध्ये बडोद्याला आणले. ते 1913 पर्यंत राहिले, आणि त्या तीन वर्षांत जे उभे राहिले त्याला हिंदुस्थानात तोड नव्हती.

मध्यवर्ती ग्रंथालय सर्वांसाठी विनामूल्य होते. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी निराळे विभाग होते. गावांसाठी खर्चाचा तिहेरी मेळ घातला होता: गावाने आपला वाटा गोळा करावा, तितकाच प्रांत पंचायतीने द्यावा, तितकाच सरकारने. त्यामुळे वाचनालय ना दरबाराचे दान राहिले ना चार प्रतिष्ठितांचे मंडळ. ते गावाचे झाले. जेथे तेवढेही शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालय विभागातर्फे पाठवल्या जात, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चलच्चित्रे घेऊन माणसे खेड्यांत जात. हे काम करणारी माणसे प्रशिक्षित आणि पगारी होती. बॉर्डन यांनी ग्रंथपालांचा वर्ग चालवला, जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने त्यांच्या मागे ही चळवळ सांभाळली आणि 1919 मध्ये तिची हकीकत ग्रंथरूपाने लिहून ठेवली. बडोद्याच्या या उपक्रमात व्याख्यान, चित्र, कथा, खेळ हे सगळे होते. आजच्या कुठल्याही उन्हाळी शिबिराच्या पत्रकात जे असते ते सगळे होते. फरक एवढाच की कार्यक्रमामागे पुस्तक होते, पुस्तकामागे पगारी माणूस होता, त्या माणसामागे कायमचा पैसा होता, आणि दारावर वर्गणी नव्हती.

त्या व्यवस्थेचीही मर्यादा होती, आणि ती एका माणसाच्या आयुष्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही अहवालात दिसत नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत वाढणारा भीमराव आंबेडकर शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे, कारण घरात वाचायला जागा नव्हती. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. 1907 मध्ये मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, पुढे त्याची गाठ सयाजीरावांशी घालून दिली, आणि महिना 25 रुपयांच्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर त्याचे महाविद्यालयीन शिक्षण झाले; कोलंबिया विद्यापीठाची वाटही बडोद्यानेच मोकळी केली. सार्वजनिक बाग, एक सहृदय शिक्षक, हातात ठेवलेले एक पुस्तक आणि त्यामागे राज्याचा पैसा, एवढ्या चार गोष्टी जुळल्या तर काय घडते याचे याहून मोठे उदाहरण या देशात नाही. पण 1917 मध्ये हाच विद्वान नोकरीसाठी बडोद्यात आला तेव्हा फुकट ग्रंथालयांच्या त्या नगरीत त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून हाकलले गेल्यावर परतीच्या गाडीची वाट पाहत त्याला कामाठी बागेत बसावे लागले. दरबाराने उघडलेले दार शेजाऱ्याने बंद केले. म्हणून 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करताना आंबेडकरांनी वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळे काढणे हे सभेचे उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवले. ज्याला बागेत बसून वाचावे लागले त्याने वाचनालयाला राहत्या खोलीच्या शेजारी जागा दिली. फुल्यांच्या 1885 मधल्या प्रश्नाला मिळालेले पहिले संघटित उत्तर मी याला मानतो.

यानंतर बडोद्याच्या आणि आंबेडकरांच्या या दोन्ही धड्यांकडे पाठ फिरवण्याची प्रक्रिया सुरू झाली, आणि ती कोणा दुष्ट हेतूने नव्हे तर काटकसरीच्या सद्हेतूने. मुंबई सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 1940 मध्ये ग्रंथालयांची जिल्हा, तालुका, गाव अशी साखळी सुचवली, आणि ती नव्याने उभारण्याऐवजी असलेल्या संस्थांना अनुदान देऊन त्यांच्याकरवी काम करून घ्यावे असा मार्ग दाखवला. पैसा नसलेल्या काळात हा मार्ग शहाणपणाचा होता. 1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढची अकरा वर्षे बडोद्याची आणि मुंबईची अशा दोन्ही परंपरा एकाच सरकारच्या हाताखाली होत्या. बडोद्याची पद्धत उचलण्याची याहून चांगली संधी पुन्हा आली नाही. ती उचलली गेली नाही. मद्रासने 1948 मध्येच ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रेरणेने ग्रंथालय उपकराचा कायदा केला होता, कोल्हापूर संस्थानाने तर त्याआधी तीन वर्षे स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राने 1967 मध्ये कायदा केला तेव्हा उपकर टाळला, शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत असे लिहिले आणि उरलेले काम संस्थांवर सोपवले. उपकर म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. तो गोळा करून ग्रंथालयांना न देणाऱ्या नगरपालिका इतर राज्यांत आहेत. पण उपकरातून नागरिकाचा एक हक्क निर्माण होतो: मी पैसे दिले आहेत, माझे पुस्तक कोठे आहे, असे विचारण्याचा. अनुदानातून तो हक्क निर्माण होत नाही, कारण तेथे संस्था सरकारकडे पाहते आणि वाचक संस्थेकडे.

आज महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची प्रतवारी आहे, आणि खालच्या वर्गातल्या ग्रंथपालाला महिन्याकाठी जे मिळते त्यावर कोणाचे घर चालत नाही. तरीही जे चालले आहे ते त्यांच्याच जिवावर, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. साने गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला सुरू केली आणि गावोगाव मुलांना गोष्ट ऐकण्याची सवय लावली. 1959 पासून सुधा करमरकरांनी आणि पुढे रत्नाकर मतकरींनी सुट्टीतल्या मुलांसाठी गंभीरपणे रंगभूमी उभी केली. त्यांचा वारसा वाचनालयांच्या बालविभागांत टिकून आहे. मात्र अनुदान पुरेना तेव्हा संस्थांनी जो उपाय काढला तो अपरिहार्य असूनही घातक आहे: शिबिराला शुल्क, सभासदत्वाला अनामत, आणि पुस्तक घरी नेण्यासाठी मासिक वर्गणी. वृत्तपत्रांचा कक्ष मुक्तद्वार, आणि देवघेव विभाग वर्गणीदारांसाठी. म्हणजे 1875 मध्ये ज्या वर्गाला सुट्टी मिळत होती त्याच वर्गाच्या नातवंडांसाठी आपण पुन्हा सुट्टी सजवतो आहोत.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या मुलांचा अभ्यास करून बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1978 मध्ये दाखवले की गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांमधले शिक्षणाचे अंतर मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढते, आणि त्या काळात मुलांच्या शिकण्याशी सर्वांत घट्ट नाते दिसले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या वापराचे. शिबिरांचे नव्हे, वापराचे. हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लागू करण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडचे अंतर त्याहून खोल आहे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांत मागे राहिलेल्या मुलांचे ठीक आहे. पण जी मुले आईबापांबरोबर गेली ती गावात येतात तेव्हा शाळेची सुट्टी तोंडावर आलेली असते. या मुलांच्या वाट्याला जे गावातले दिवस येतात त्यांतले सर्वांत मोकळे दोन महिने शाळा बंद असते. शाळेच्या पंचांगात त्यांच्यासाठी जागाच नाही. जी एकच सार्वजनिक संस्था एप्रिल-मेमध्ये उघडी असते आणि जिला हजेरीपट लागत नाही ती म्हणजे गावचे वाचनालय, आणि त्याच्या दारावर अनामत लिहिलेली असते. पोथीच्या काळात पंचांग शेतकऱ्याचे होते आणि सभामंडप उच्चवर्णीयांचा. आज सभामंडप कायद्याने सर्वांचा आहे आणि पंचांग कचेरीचे.

म्हणून येत्या उन्हाळ्याच्या आत करण्यासारखी कामे फार मोठी नाहीत. 1 एप्रिल ते 30 जून या काळात शाळेत नाव असलेल्या किंवा नसलेल्याही कोणत्याही मुलाला अनामत आणि वर्गणीशिवाय पुस्तक घरी नेऊ द्यावे, आणि हरवलेल्या पुस्तकांची भरपाई शासनाने ग्रंथालय निधीतून करावी. सुट्टीत कुलूपबंद राहणाऱ्या जिल्हा परिषद शाळांमधली पुस्तके त्या तीन महिन्यांसाठी गावच्या वाचनालयाकडे सोपवावीत. ज्या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी स्थलांतर होते तेथे पुस्तकांच्या पेट्या हंगामात कारखान्याच्या तळावर आणि हंगामानंतर गावात फिराव्यात. बडोद्याने हे 1911 च्या सुमाराला बैलगाडीच्या रस्त्यांवरून करून दाखवले आहे. या कामासाठी ड वर्गातल्या ग्रंथपालाला निदान उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचे पूर्ण वेतन मिळावे. आणि व्याख्यानमालांच्या संयोजकांनी, रानड्यांची परंपरा सांगताना, श्रोत्यांच्या खुर्च्यांशेजारी त्याच संध्याकाळी घरी नेता येतील अशा पुस्तकांचे एक टेबल मांडावे, नाव आणि गाव एवढेच विचारून.